पिंजऱ्याशेजारची कुंडी
पाळीव पक्ष्यांसाठी कोणती झाडे हितकर, कोणती घातक?

निवृत्तांच्या घरातील गॅलरी सहसा रिकामी नसते. तिथे तुळस असते, हौसेने लावलेल्या पाच-दहा कुंड्या असतात आणि अलीकडे अनेक घरांत एखादा पक्ष्यांचा पिंजराही असतो. मुले नोकरीनिमित्त दूर गेली की पक्ष्यांच्या किलबिलाटाने घराला जाग राहते. वेळच्या वेळी दाणापाणी बदलण्याच्या निमित्ताने दिवसाला शिस्त लागते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीलाही खिडकीतील पिंजऱ्याकडे पाहण्यात मोठा विरंगुळा मिळतो. पक्ष्याला बरे वाटावे म्हणून आपण पिंजरा हिरवाईत टांगतो, अधूनमधून एखादी डहाळी आत खोचतो. हेतू निर्मळ असतो. परंतु ती डहाळी कोणत्या झाडाची, याची चौकशी सहसा होत नाही आणि नेमका तिथेच धोका संभवतो.

प्रारंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडील हिरवा देशी पोपट पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. म्हणून या लेखात पाळीव पक्षी म्हणजे बजरी (ज्यांना बाजारात सरसकट ‘लव्हबर्ड्स’ म्हटले जाते), कॉकाटील, आफ्रिकी लव्हबर्ड आणि झेब्रा फिंच यांसारखे विदेशी वंशाचे, पिंजऱ्यातच जन्मलेले पक्षी गृहीत धरले आहेत.

इवलासा देह

प्रौढ बजरीचे वजन साधारणतः तीस ते चाळीस ग्रॅम असते, कॉकाटीलचे ऐंशी ते शंभर ग्रॅम. या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. पस्तीस ग्रॅमच्या बजरीने एखाद्या पानाचा अर्ध्या ग्रॅमचा तुकडा खाल्ला, तर वजनाच्या प्रमाणात ते साठ किलोच्या माणसाने पाऊण किलोहून अधिक पाला खाल्ल्यासारखे होते. आपल्याला ‘जरासे कुरतडले’ असे वाटते तेवढे त्याच्या दृष्टीने पोटभर असते.

त्यात या पक्ष्यांचा स्वभावही भर घालतो. पोपटवर्गीय पक्ष्यांची चोच हीच त्यांची बोटे. नवी वस्तू दिसली की तिची पारख चोचीनेच व्हायची. साल सोलणे, पाने फाडणे, बी फोडणे हा त्यांचा दिवसभराचा उद्योग असतो आणि भूक नसली तरी तो चालूच राहतो. बजरी आणि कॉकाटील मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवरचे, गवताच्या बियांवर जगणारे पक्षी आहेत. आपल्या अंगणातील कण्हेर किंवा धोत्रा त्यांच्या पूर्वजांनी कधी पाहिलेला नाही. थव्यात वाढणारे पिल्लू मोठ्यांचे पाहून काय खावे हे शिकते. पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाला तो गुरू लाभत नाही. म्हणून पारख करण्याची जबाबदारी आपल्याकडे येते.

‘कोकिळा खाते, मग बजरीला काय होते?’

हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो आणि तो रास्त आहे. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची फळे कोकीळ पक्षी आवडीने खातो हे आपण पाहिले असेल. घाणेरीच्या काळ्या फळांवर बुलबुल तुटून पडतात. मग ही झाडे विषारी कशी?

याचे उत्तर खाण्याच्या पद्धतीत आहे. कोकीळ, बुलबुल हे फलाहारी पक्षी गर खातात. आतील कठीण बी ते फोडत नाहीत. पोपटवर्गीय पक्षी मात्र बी फोडण्यासाठीच घडलेले आहेत. गर टाकून देऊन बी खाणे ही त्यांची रीत, आणि अनेक वनस्पतींचे विष बियांतच सर्वाधिक साठलेले असते. शिवाय रानातल्या पक्ष्यासमोर शेकडो पर्याय असतात. पिंजऱ्यातल्या पक्ष्यासमोर आपण ठेवलेली एकच फांदी असते.

आपल्या अनुभवावरूनही अनुमान काढू नये. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, कारण त्यातील दाहक द्रव्याला आपल्यासारखा प्रतिसाद त्यांच्या मज्जातंतूंकडून मिळत नाही. म्हणून तिखटजाळ मिरची पक्षी सुखाने खातात. याउलट आपण पौष्टिक म्हणून खातो तो अॅव्होकॅडो, ज्याला काही ठिकाणी बटर फ्रूट म्हणतात, त्यांच्यासाठी प्राणघातक ठरतो. त्यातील पर्सिन नावाचे द्रव्य पक्ष्यांच्या हृदयाच्या स्नायूंना इजा करते, हृदयाभोवती पाणी साचते, श्वास लागतो. बजरी आणि कॅनरी यांवर झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगाचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अॅव्होकॅडो दिलेल्या पक्ष्यांपैकी बहुतेक बजरी दोन दिवसांच्या आत दगावल्याचे आढळले. गर, साल, बी, पाने यांपैकी काहीही पिंजऱ्यात जाता कामा नये. न्याहारीच्या बशीतील उरलासुरला घासही नको.

देवघरातील पत्री आणि निर्माल्य

मराठी घरात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. गणेशचतुर्थीला वाहिल्या जाणाऱ्या एकवीस पत्रींमध्ये धोत्रा, रुई आणि कण्हेर यांचा समावेश असतो. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ, महादेवाला धोत्र्याचे फूल, रोजच्या पूजेला कण्हेरीची फुले ही आपली परंपरा. या तिन्ही वनस्पती विषारी आहेत आणि त्या बाहेरून चालत येत नाहीत, आपणच परडीत भरून आणतो.

कण्हेर, लाल-पांढरी असो वा पिवळी, सर्वांत घातक मानावी. तिच्या पानाफुलांपासून मुळांपर्यंत प्रत्येक भागात हृदयाची गती बिघडवणारी द्रव्ये असतात. वाळल्यानंतरही ती नष्ट होत नाहीत. ज्या पाण्यात कण्हेरीची फुले ठेवली असतील तेही पक्ष्याच्या वाटीजवळ नको. धोत्र्याच्या सर्वच भागांत, विशेषतः बियांत, मज्जासंस्थेवर परिणाम करणारे अल्कलॉइड असतात. रुईचा चीक दाहक असून तोही हृदयाला बाधक आहे.

यासाठी पूजा सोडण्याचे मुळीच कारण नाही. पत्रीची परडी व निर्माल्याचे भांडे झाकून ठेवावे, पिंजऱ्यापासून दूर ठेवावे आणि सायंकाळपर्यंत उघड्यावर राहू देऊ नये, एवढे पुरेसे आहे. पक्ष्याला मोकळे फिरायला सोडण्याची सवय असेल तर देवघराचे दार त्या वेळी लावून घ्यावे.

याच वर्गात अंगणातील आणखी काही नावे येतात. गुंजेची लाल-काळी बी एके काळी सोनाराच्या तराजूत वजन म्हणून वापरली जाई. तिच्या कठीण कवचाआड अत्यंत तीव्र विष असते आणि पक्ष्याची चोच ते कवच फोडू शकते. गुंजा ओवलेल्या माळा वा खेळणी पिंजऱ्यात कधीही टांगू नयेत. एरंडाच्या बिया, कळलावीचा कंद व फुले, घाणेरीची पाने आणि कच्ची फळे, शेराच्या फांद्यांचा चीक, अडेनियम आणि पानफुटी हीही घातक वनस्पतींच्या यादीत मोडतात.

दिवाणखान्यातील शोभेची झाडे

शोभेच्या झाडांपैकी मनीप्लांट, डिफेनबॅकिया, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, पीस लिली आणि आपले अळू ही सारी एकाच कुळातील भावंडे आहेत. यांच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. न शिजवलेले अळू घशाला खाजते ते यामुळेच. पक्ष्याने पान चावले की जीभ व घसा यांचा दाह होतो, सूज येते, तो खाणे टाकतो, डोके झटकत राहतो. बहुतेक वेळा जीवावर बेतत नाही. तथापि एवढ्याशा घशात थोडी सूजही श्वास अडवू शकते. मनीप्लांटविषयी विशेष सावध असावे, कारण त्याचा वेल पाहता पाहता पिंजऱ्याच्या गजांवर चढतो आणि आपण कौतुकाने चढू देतो.

नावांमुळेही घोटाळे होतात. ‘अरेका पाम’ पक्ष्यांसाठी निर्धोक मानला जातो. ‘सागो पाम’ म्हणून विकला जाणारा सायकस मात्र पामच नव्हे. तो वेगळ्याच गटातील असून यकृतावर घाला घालणारे विष त्यात असते, बियांत सर्वाधिक. ‘लिली’ या नावाखाली तर अनेक भिन्न कुळांतील फुले विकली जातात. म्हणून रोपवाटिकेत केवळ प्रचलित नावावर विसंबू नये. शास्त्रीय नाव विचारून कुंडीवर चिठ्ठी लावावी. वर्षभराने आपल्याला आठवले नाही, अथवा काळजी घेणारी व्यक्ती बदलली, तरी ती चिठ्ठी उपयोगी पडते.

स्वयंपाकघराच्या वाटेने

फळे-भाज्यांच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगी सूत्रे थोडीच आहेत. सफरचंद, नासपती, पीच, जर्दाळू आणि चेरी यांचा गर चालतो. बिया व आठळ्या काढून टाकाव्यात, कारण त्यांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारण्यासाठी वापरली जात असे, यावरून तिची जात ओळखावी. टोमॅटो, वांगे, बटाटा यांची पाने व देठ विषारी असतात. गच्चीवर भाजी लावली असेल तर पिंजरा त्या वाफ्यापासून दूर टांगावा. कांदा, लसूण, चहा, कॉफी आणि चॉकलेट वर्ज्य समजावे. कच्चा राजमा कधीही देऊ नये.

निर्धास्तपणे काय द्यावे?

वर्ज्य गोष्टींची यादी वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. उपयुक्त वनस्पतीही आपल्या अवतीभोवती विपुल आहेत.

बसण्याच्या दांडीसाठी पेरूची फांदी सर्वोत्तम. ती टणक असते, साल सोलण्यात पक्ष्याचा वेळ छान जातो आणि पानेही चालतात. जास्वंदीची फांदी, पाने, फुले, तसेच तुती, बांबू आणि नारळाच्या झावळीच्या पट्ट्या यांचाही उपयोग करता येतो. कडुलिंबाची स्वच्छ डहाळी आपल्याकडे पूर्वापार दिली जाते. लिंबोळीचे तेल किंवा अर्क ही मात्र निराळी वस्तू, ती पक्ष्याच्या जवळ नको. आंब्याच्या ताज्या फांदीचा चीक दाहक असतो. पेरू हाताशी असताना आंब्याचा आग्रह धरू नये.

हिरव्या पाल्यात कोथिंबीर, मेथी, शेवग्याची कोवळी पाने, पुदिना आणि तुळस ही नित्याची नावे. पालक अधूनमधून, थोडा द्यावा. शोभेसाठी कुंडी हवीच असेल तर अरेका पाम, स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न, जास्वंद यांतून निवड करावी.

ज्येष्ठांना सुचवावासा वाटणारा एक सोपा उपक्रम आहे. पसरट, तळाला भोके असलेल्या कुंडीत स्वच्छ मातीवर मूठभर राळे किंवा गहू पेरावेत. रोज थोडे पाणी शिंपडले की आठ-दहा दिवसांत हिरवी लव उगवते. हे गवत बजरीचे जन्मजात खाद्य असल्याने ती त्यावर अक्षरशः लोळते. गुडघे दुखत असले तरी टेबलावर कुंडी ठेवून बसल्या बसल्या हे काम होते, हातांना चलनवलन मिळते आणि उद्या किती उगवले हे पाहण्याची ओढ लागते. दोन कुंड्या आठवड्याच्या अंतराने पेराव्यात, म्हणजे खंड पडत नाही. मातीवर बुरशी दिसली तर ती कुंडी पिंजऱ्यात ठेवू नये.

फांदी आत ठेवण्यापूर्वी

झाड निर्धोक असले तरी त्यावर काय फवारले आहे, हा प्रश्न उरतोच. रोपवाटिकेतील रोपांवर बहुधा कीटकनाशक मारलेले असते आणि काही कीटकनाशके झाडाच्या रसातही मुरतात. नवे रोप काही आठवडे पिंजऱ्यापासून दूर वाढवावे. त्यानंतर फुटलेली पालवीच वापरावी. सोसायटीच्या बागेत फवारणीचा दिवस कोणता, हे माळ्याला विचारून ठेवावे. रस्त्याकडेच्या झाडांवर वाहनांचा धूर बसतो, ती टाळावीत. बाजारातील गुलाब आणि हारातील फुले खाण्यासाठी देऊ नयेत.

आणलेली फांदी वाहत्या पाण्याखाली घासून धुवावी, कारण तिच्यावर रानपक्ष्यांची विष्ठा असू शकते. नंतर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी. बजरीसाठी करंगळीएवढी, कॉकाटीलसाठी अंगठ्याएवढी जाडी योग्य ठरते. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर सतत बसून तळव्यांना जखमा होतात. जाडी कमी-अधिक असलेली नैसर्गिक फांदी त्यावर चांगला उपाय आहे.

धुराविषयीही दोन शब्द. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यामुळे त्यांचे श्वसन अतिशय कार्यक्षम असते. परंतु विषारी वायूही तितक्याच त्वरेने भिनतो. डास घालवण्यासाठी पाला जाळणे, धूप, डासांची कॉइल, फवारे हे सारे पिंजऱ्याच्या खोलीत टाळावे. रिकामे तापलेले नॉनस्टिक भांडे तर काही मिनिटांत पक्ष्याचा प्राण घेऊ शकते.

विषबाधा ओळखावी कशी, करावे काय?

आजार लपवणे ही पक्ष्याची प्रकृती आहे. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकार होतो, म्हणून तो अखेरपर्यंत धडधाकट असल्याचा देखावा करतो. लक्षणे दिसू लागली म्हणजे वेळ थोडा उरला आहे असेच समजावे. पिसे फुलवून तळाशी बसणे, पंख लोंबणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, श्वासागणिक शेपूट वर-खाली होणे, उलटी, पातळ विष्ठा, थरथर किंवा तोल जाणे ही धोक्याची चिन्हे होत.

अशा वेळी आधी झाडाचा तुकडा चोचीतून व पिंजऱ्यातून काढून घ्यावा. त्या झाडाची फांदी एका पिशवीत ठेवावी किंवा छायाचित्र काढावे. वैद्याला निदानासाठी त्याचा फार उपयोग होतो. पक्ष्याला हवेशीर, उबदार, अंधाऱ्या खोक्यात ठेवून पशुवैद्याकडे न्यावे. दूध, तेल, मिठाचे पाणी बळजबरीने पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी तत्काळ दगावू शकतो. घरगुती उतारा शोधण्यात वेळ दवडू नये.

सर्वच पशुवैद्य पक्ष्यांवर उपचार करतात असे नाही. त्यामुळे प्रसंग येण्याआधीच चौकशी करून एक क्रमांक मोठ्या अक्षरांत दूरध्वनीजवळ लिहून ठेवावा. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ या ठिकाणी शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत; जवळपास राहणाऱ्यांनी तिथे विचारणा करावी. आठवड्यातून एकदा ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पक्ष्याचे वजन करून वहीत नोंदवणेही हिताचे. वजनात एक दशांश घट झाली तर बाहेरून काही दिसत नसले तरी वैद्याचा सल्ला घ्यावा.

पक्ष्याच्या निमित्ताने माणसांचीही काळजी

पक्ष्यासाठी केलेली ही पाहणी घरातील माणसांच्याही उपयोगी पडते. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, गुंज, एरंड, कळलावी या वनस्पती माणसालाही तितक्याच घातक आहेत. रांगते नातवंड आणि स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध व्यक्ती यांच्यात एक साम्य असते : हाती लागेल ते तोंडात घालण्याची शक्यता. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनी औषधांचे कपाट कुलूपबंद ठेवतात त्याच दक्षतेने गॅलरीतील कुंड्या तपासाव्यात.

हृदयरोग्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. कण्हेरीतील द्रव्ये हृदयावर डिगॉक्सिन या औषधाच्या जातीचाच परिणाम करतात. कुणी सांगितले म्हणून कण्हेरीचा काढा वा लेप वापरणे कोणालाही धोक्याचे. ज्यांना डिगॉक्सिन चालू आहे त्यांना तर दुहेरी धोक्याचे. कोणी चुकून या वनस्पतींचा भाग खाल्ला असे नुसते वाटले, तरी ओकारी काढण्याच्या खटपटीत न पडता वनस्पतीच्या नमुन्यासह थेट रुग्णालय गाठावे. डिफेनबॅकियाचे पान चावल्यास तोंड थंड पाण्याने धुऊन वैद्यकीय सल्ला घ्यावा. सूज वाढून श्वास किंवा गिळणे अवघड वाटू लागले तर विलंब करू नये.

आज संध्याकाळी करण्याजोगे

चष्मा लावून, हाती कागद-पेन घेऊन गॅलरीत एक फेरी मारावी. प्रत्येक कुंडीतील झाडाचे नाव लिहावे. जे नाव सांगता येत नाही ती कुंडी पिंजऱ्यापासून किमान हातभर नव्हे, तर दुसऱ्या खोलीत न्यावी. चोच पोहोचत नसली तरी पान गळून पिंजऱ्यात पडू शकते. घातक झाड मोडून टाकणे जीवावर येत असेल तर ते सोसायटीच्या आवारात, मुले व जनावरे पोहोचणार नाहीत अशा जागी लावता येईल. फांदी छाटताना हातमोजे घालावेत, चीक डोळ्यांना लागू देऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

यापुढे कोणतीही डहाळी पिंजऱ्यात जाण्यापूर्वी एकच नियम पाळावा : जिचे नाव ठाऊक नाही, ती आत नाही. रानात काय खावे हे पक्षी स्वतः निवडतो. पिंजऱ्याचे दार आपण लावले, त्या दिवसापासून ती निवड आपल्यावर आली आहे. ती निभावायला एक पेरूची फांदी आणि राळ्याची एक कुंडी पुरेशी आहे.